बुडालेल्याची आधी छाती दाबायची की आधी श्वास द्यायचा?

प्रश्न : आम्ही रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणारे. शाळेत स्काउटमध्ये बुडालेल्याला पालथं घालून पाठ दाबायला शिकवलं होतं. पुढे एका शिबिरात 15 दाब आणि 2 श्वास सांगितले. आता मुलगी कॉलेजात शिकून आली, ती म्हणते, श्वास द्यायचाच नाही, फक्त छाती दाबायची. खरं काय धरायचं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : मुलगी शिकली ते बरोबरच आहे, पण ते चालता-बोलता कोसळलेल्या माणसासाठी. त्याचं हृदय अचानक थांबतं, रक्तात काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. म्हणून 2008 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नुसती छाती दाबली तरी चालेल असं सांगितलं आणि 2010 मध्ये श्वासाआधी दाब आणला. बुडालेल्याचं उलट असतं. आधी श्वास कोंडतो, प्राणवायू संपतो, मग हृदय थांबतं. त्याला श्वास हवाच, आणि तोही आधी. किनाऱ्यावरच्या शिबिरांत हा फरक ठासून सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पाठ दाबणं 1950 च्या दशकातच मागे पडलं. तोंडाने दिलेली हवा कितीतरी जास्त पोचते हे तेव्हा सिद्ध झालं. छाती दाबण्याची रीत 1960 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या संशोधकांनी मांडली. 15 चे 30 झाले 2005 मध्ये, कारण दर वेळी हात थांबला की रक्ताचा दाब कोसळतो आणि पुन्हा चढायला बरेच दाब लागतात.

आता रापणीवरचं. माणूस कोरड्या पुळणीवर ठेवू नका, पाठ वाळूत रुतते आणि छाती दबत नाही. भरतीची ओली, घट्ट वाळू बघा. तोंडाला फेस येईल, तो पुसत बसू नका. पोट दाबून पाणी काढणं, गरगर फिरवणं तर मुळीच नको. हाक मारून हलत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा, छाती उचललेली दिसेल इतकी हवा द्या. अमेरिकेत असे 2 श्वास सांगतात, युरोपात 5. मग छातीच्या मधोमध 30 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने. पुन्हा 2 श्वास. उलटी आली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, परत सुरू. श्वास द्यायला मन धजत नसेल तर निदान दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, आणि 108 ला फोन पहिल्याच मिनिटाला दुसऱ्या कुणीतरी लावायचा.

शुद्धीवर येऊन तो पेज मागू लागला तरी दवाखान्यात न्याच; फुप्फुसं काही तासांनीही बिघडतात.