घरमालक की जमीनदार?

प्रश्न : आम्ही भाड्याने घेत असलेल्या फ्लॅटच्या कराराच्या मराठी मसुद्यात ‘लँडलॉर्ड’साठी सगळीकडे ‘जमीनदार’ लिहिलं आहे. ते बरोबर आहे का? शिवाय फ्लॅट एका गृहस्थांच्या नावावर आहे, पण भाडं त्यांच्या बहिणीकडे द्यायचं ठरलंय. मग घरमालक कोणाला म्हणायचं? – एक वाचक

उत्तर : ‘जमीनदार’ आधी काढायला लावा. कोर्टाच्या कागदांचं मराठी भाषांतर करण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि या शब्दाने झालेला घोळ मी पुष्कळ पाहिला आहे. भाडेकरारात कधीकधी हमी देणारा जामीनदारही असतो. टंकताना एक काना गळला किंवा जास्त पडला, की भाड्याची हमी कोणी घेतली आणि घर कोणी दिलं, यावरच वाद सुरू होतो.

‘जमीनदार’ शब्दाचं नातं शेतजमिनीशी आणि मोठ्या इस्टेटीशी आहे. शेतीच्या कायद्यातसुद्धा आपल्याकडे जोडी आहे ती जमीनमालक आणि कुळाची. 1948 च्या कुळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी अटींत बसणाऱ्या कुळांनी कसती जमीन विकत घेतली असं मानलं गेलं, म्हणून जुन्या सातबाऱ्यांच्या संदर्भात ही जोडी अजून भेटते. फ्लॅटसाठी मात्र साधा ‘घरमालक’ लिहा. स्त्री असेल तर ‘घरमालकीण’ लिहायलाही काही हरकत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ‘मालक’ म्हटलं की आपण थेट खरेदीखताकडे बघतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधली ‘लँडलॉर्ड’ची व्याख्या बघते ती भाड्याकडे. भाडं घेणारा किंवा घेण्याचा हक्क असलेला माणूस, मग तो स्वतःसाठी घेवो की दुसऱ्याच्या वतीने, त्या व्याख्येत येतो. विश्वस्त येतो, अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीचा पालक येतो. इतकंच काय, पोटभाडेकरू ठेवणारा भाडेकरू त्या पोटभाडेकरूपुरता घरमालक ठरतो, घराची एक वीटही त्याची नसताना! मला ही व्याख्या फार न्याय्य वाटते, कारण भाडेकरूची गाठ रोज ज्याच्याशी पडते त्याला ती जबाबदारीतून निसटू देत नाही.

म्हणजे त्या बहीणबाई भावाच्या वतीने भाडं घेत असतील, तर त्याही व्याख्येत येऊ शकतात. तरीही करारात दोघांची भूमिका स्पष्ट हवी. घरमालक म्हणून भावाचं नाव घाला, आणि भाडं बहिणीकडे द्यायचं हे स्वतंत्र कलमात लिहा. भावाऐवजी सही त्या करणार असतील तर त्यांच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र पाहायला मागा. त्यात संकोच नको.

मसुदा लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर तिथे ‘लायसन्सर’ (जागा वापरायला देणारा) आणि ‘लायसन्सी’ (ती वापरणारा) हे शब्द येतात. ते बदलून ‘घरमालक-भाडेकरू’ करू नका, त्या दोन नात्यांतले हक्क वेगळे आहेत. करार कोणताही असो, लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. आणि भाडं बहिणीच्या हातात दिलंत, तरी प्रत्येक वेळी लेखी पावती घ्या.