नोकरी सोडायची, की रात्रपाळी?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेले पत्र थोडक्यात असे:

«ताई, मी मूळची सांगलीची. बी.एस्सी. नर्सिंग करून अकरा वर्षांपूर्वी इकडे आले. तेव्हापासून रुग्णालयाच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी ड्यूटी करते. वय ३९. कंबर धरते, आणि मुलगी शाळेतून येते तेव्हा मी झोपेतून उठत असते. ओळखीची एक मुलगी डेंटल हायजिनिस्ट आहे, म्हणजे दंतवैद्याच्या दवाखान्यात रुग्णांचे दात साफ करते आणि हिरड्या तपासते. ती पाच वाजता घरी येते, शनिवार-रविवार तिला सुट्टी असते. मलाही तो अभ्यासक्रम करावासा वाटतो. नवरा म्हणतो, आता पुन्हा कॉलेज कशाला? त्याचे काम कंत्राटी आहे, त्यामुळे घराचा आरोग्य विमा माझ्या नोकरीवर आहे. आई तर फोनवर रडली. माझ्या शिक्षणासाठी तिने पाटल्या मोडल्या होत्या, आणि आता मी ‹लोकांचे दात घासायला› जाणार म्हणून. मध्यंतरी वॉर्डातल्या एका आजोबांचे तोंड साफ करताना मात्र वाटले, की हे काम मला मनापासून आवडते. मी काय करू?»

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचले. नव्या व्यवसायाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, त्यात घड्याळ, सुट्टी आणि झोप यांचाच उल्लेख पुन्हा पुन्हा येतो; दात आणि हिरड्या केवळ एका वाक्यात येतात, ते आजोबांचे वाक्य. म्हणून मला आधी हे विचारावेसे वाटते, की तुम्हाला नर्सिंगचा कंटाळा आला आहे, की रात्रीचा? अकरा वर्षे उलट्या घड्याळावर जगलेल्या माणसाला दिवसाउजेडी चालणारे कोणतेही काम सुंदर दिसते, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

पैशांचे आधी बोलू, कारण तो भाग लवकर संपतो. अमेरिकी कामगार आकडेवारी विभागाच्या मे २०२४ च्या नोंदीनुसार नोंदणीकृत परिचारिकेचा वार्षिक मध्यक पगार (निम्म्या जणींना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ९३,६०० डॉलर होता आणि डेंटल हायजिनिस्टचा ९४,२६० डॉलर. म्हणजे दोन-तीन वर्षांची कमाई सोडून आणि फी भरून तुम्ही साधारण त्याच पायरीवर येऊन उभ्या राहाल. शिवाय या व्यवसायातल्या पुष्कळ जणी अर्धवेळ काम करतात. आठवड्यातले दोन दिवस एका दवाखान्यात आणि दोन दिवस दुसऱ्यात, अशी विभागणीही सर्रास असते, आणि अशा कामाबरोबर आरोग्य विमा मिळेलच असे नाही. काही ठिकाणी रुग्णाने आयत्या वेळी भेट रद्द केली, की त्या तासाचे पैसेही जातात. ज्या घराचा विमा तुमच्या नोकरीवर उभा आहे, त्या घराने हा मुद्दा सर्वांत वर लिहून ठेवावा. तुमच्या यजमानांचा सूर मला रुक्ष वाटला, पण त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे.

तुमचा नर्सिंगचा परवाना इथे जवळची वाट म्हणून उपयोगी पडत नाही, हेही स्पष्ट सांगते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, त्यानंतर ३५० प्रश्नांची राष्ट्रीय लेखी परीक्षा, प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा आणि मग राज्याचा परवाना. शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय तुम्ही शिकलेल्या आहात, परंतु बऱ्याच महाविद्यालयांना हे विषय अलीकडच्या काही वर्षांत उत्तीर्ण केलेले हवे असतात. तुमची गुणपत्रिका भारतातली आणि जुनी आहे. तुमच्याच गावात मिडलसेक्स कॉलेजमध्ये हा अभ्यासक्रम आहे. तिथल्या प्रवेश कार्यालयात जाऊन, आपले कोणते विषय धरले जातील आणि कोणते पुन्हा करावे लागतील, एवढे विचारून या. त्या एका भेटीत दोन वर्षे लागतील की चार, हे कळेल.

आता कामाविषयी. मी स्वतः दंतवैद्याच्या खुर्चीत बसले की डोळे घट्ट मिटून घेते, त्यामुळे माझ्या बोलण्याला थोडी सूट द्या. पण हे काम कसे चालते ते मला ठाऊक आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये अलगद उतरवायची आणि खोली मोजायची. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. अक्कलदाढा काढलेल्या माणसाचे अठ्ठावीस दात धरले, तर एकशे अडुसष्ट आकडे होतात. दोन, तीन, दोन म्हणजे हिरडी ठीक; चार, पाच, सहा आले, की तिथे काहीतरी बिनसले आहे. मग हिरडीखालचे कीटण वाकड्या टोकाच्या हत्याराने, नजरेला दिसत नसताना, बोटांना लागणाऱ्या खरखरीवरून काढायचे. हे करताना मान एका बाजूला झुकलेली, खांदा उचललेला आणि मनगट एकाच लयीत हलत असते. तुमची कंबर रुग्ण उचलण्यातून सुटेल, पण मान, खांदे आणि मनगट यांची दुखणी या व्यवसायात फार जुनी ओळखीची आहेत. एक दुखणे देऊन दुसरे घेण्याचा हा सौदा एकोणचाळीसाव्या वर्षी डोळे उघडे ठेवून करावा.

असे असूनही तुमच्या त्या आजोबांच्या वाक्यामुळे मला ही वाट सरसकट बंद करवत नाही. दुसऱ्याचे तोंड साफ करण्याचे काम वॉर्डात बहुतेक जण घाईने उरकतात. तुम्हाला त्यात आनंद वाटला, ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून माझे म्हणणे असे, की आधी रात्र सोडा आणि मग व्यवसायाचा विचार करा. तुमच्याच रुग्णालयात एंडोस्कोपी, डे सर्जरी, बाह्यरुग्ण विभाग किंवा सलाइनवाटे औषधे देण्याचे केंद्र अशा दिवसपाळीच्या जागा निघत असतील. तिथे विमाही तोच राहील. अकरा वर्षांची ज्येष्ठता हाताशी असताना बदलीचा अर्ज तुम्ही आजवर का केला नाही, हे पत्रात कुठे आलेले नाही, आणि मला ते खटकले. किमान सहा महिने रात्री झोपून पाहा. त्याच काळात सुट्टीच्या दिवशी एखाद्या दवाखान्यात परवानगी घेऊन हायजिनिस्टच्या शेजारी उभ्या राहा. एकदा नव्हे, चार-पाच वेळा, आणि त्यातला एक दिवस गर्दीचा असू द्या. पुरेशी झोप झालेली असूनही जर ते एकशे अडुसष्ट आकडे तुम्हाला खुणावत राहिले, तर अर्ज भरा. तेव्हा मी तुमच्या बाजूने यजमानांशी वाद घालायलाही तयार आहे.

आईंच्या रडण्याचे मूळ मला समजते. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल हायजिनिस्टची स्वतंत्र नोंद केली, परंतु सांगलीच्या दवाखान्यात कीटण काढायला डॉक्टरच स्वतः बसतात, त्यामुळे असा परवानाधारक व्यवसाय असतो हे त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. त्यांच्या कानांवर फक्त ‹दात घासणे› पडले. तो शब्द बहुधा तुमच्याच तोंडून, स्वतःची चेष्टा करताना, निघाला असावा. पाटल्यांचे ऋण मान्य करा, पण मुलगी आपल्या पायावर उभी राहावी म्हणून त्या मोडल्या होत्या. रोज रात्री बारा तास त्याच पायांवर उभे राहण्याची अट आईंनी घातली नव्हती. निर्णय होईपर्यंत त्यांना फक्त एवढेच सांगा, की दिवसाची ड्यूटी मागते आहे. त्यांना ते आवडेल.

आणि पुढे काहीही ठरले, तरी नर्सिंगचा परवाना वाया जाऊ देऊ नका. न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी तीस तासांचे निरंतर शिक्षण लागते. कॉलेज सुरू झाले, तर शनिवारची एखादी नर्सिंग पाळी त्याच परवान्यावर करता येईल, आणि फीचा काही भाग त्यातून निघेल.

तुमची,
ताई