फिशच्या स्लाइडवर ठिपके मोजण्यापूर्वी

स्तनाच्या कर्करोगातील हर-2 जनुकाची फिश चाचणी (चमकणाऱ्या ठिपक्यांवरून पेशीतील जनुकाच्या प्रती मोजणारी) तुम्ही नव्याने शिकत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की ठिपके मोजण्याची घाई करू नका. आधी डॅपीच्या, म्हणजे केंद्रके चमकवणाऱ्या रंगद्रव्याच्या, निळ्या प्रकाशात केंद्रकांच्या कडा नीट पाहा. पेप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराची प्रक्रिया कमी पडली तर प्रोब, म्हणजे जनुकाला चिकटून ठिपका दाखवणारा डीएनएचा तुकडा, आत नीट पोहोचत नाही, आणि ती जास्त झाली तर केंद्रक मधोमध पोकळ, विरलेल्या कापडासारखे दिसते. अशा स्लाइडवरचा आकडा मी ग्राह्य धरत नाही. एकमेकांवर चढलेली केंद्रके वगळून किमान 20 पेशी मोजा, आणि ठिपके वेगवेगळ्या खोलीवर असल्याने सूक्ष्म फोकस सतत फिरवत राहा. हर-2चे नारिंगी आणि सतराव्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरचे (गुणसूत्राच्या आकुंचित भागाचे) हिरवे ठिपके यांचे गुणोत्तर 2 किंवा अधिक, तसेच हर-2च्या ठिपक्यांची सरासरी दर पेशीमागे 4 किंवा अधिक असल्यास चाचणी सकारात्मक धरतात.