शंका-समाधान : गॅलन कुठला धरायचा?

प्रश्न : फरशी धुण्याचं एक जुनं परदेशी यंत्र हाती आलं आहे. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय, ‘टाकी 12 गॅलन, दर गॅलन पाण्याला 2 फ्लुइड औंस द्रावण.’ लिटर काढायला गेलो तर एका तक्त्याप्रमाणे 45.4 येतात, दुसऱ्याप्रमाणे 54.6. कुठला तक्ता चुकलाय? टाकी आतून 22 इंच लांब, 14 इंच रुंद आणि 9 इंच खोल आहे.

उत्तर : टाकीची मापं कळवलीत हे फार बरं केलंत. नुसते ‘12 गॅलन’ लिहिले असते तर मलाही उलटटपाली प्रश्नच विचारावा लागला असता. तक्ते दोन्ही बरोबर आहेत. गॅलनच दोन आहेत.

इंग्लंडमध्ये वाइन मोजायचा गॅलन 231 घन इंचांचा असे. अमेरिकेनं तोच धरून ठेवला. इंग्लंडनं मात्र 1824 साली कायदा करून नवा गॅलन आणला : 10 पौंड पाणी जेवढी जागा व्यापेल तेवढा. हा इम्पीरियल गॅलन, सुमारे 277.4 घन इंचांचा.

आता तुमची टाकी. 22 गुणिले 14 गुणिले 9 म्हणजे 2772 घन इंच. याला 231 नं भागा, बरोब्बर 12 येतात. म्हणजे पुस्तिका अमेरिकी. 277.4 नं भागलंत तर जवळजवळ 10 येतील. हीच टाकी इंग्लंडात खपली असती तर पुस्तिकेत ‘10 गॅलन’ छापलं असतं. तेव्हा 45.4 लिटर धरा. पुढचे दशांश लिहीत बसू नका. फुटपट्टीनं मोजलेल्या टाकीला मिलिलिटरपर्यंतचं उत्तर दिलेलं दिसलं, की माझा हात आपसूक लाल पेनाकडे जातो. सगळी नोकरी प्रयोगशाळेतल्या काचसामानात गेली, त्याचा हा परिणाम.

खरी मेख औंसात आहे. अमेरिकी गॅलन लहान, म्हणून औंसही लहान असेल असं वाटतं. आहे नेमकं उलट. अमेरिकी गॅलनचे 128 औंस होतात, म्हणून एक औंस 29.57 मिलिलिटर. इम्पीरियल गॅलनचे 160 होतात, तिथला औंस 28.41. साहजिकच ‘गॅलनला 2 औंस’ म्हणजे एकीकडे चौसष्टावा भाग आणि दुसरीकडे ऐंशीवा. तुम्हाला चौसष्टावा हवा : लिटरला 15.6 मिलिलिटर, पूर्ण टाकीला 710. ऐंशीवा धरलात तर 568 मिलिलिटरच पडेल आणि द्रावण एक पंचमांशानं फिकं होईल.

आणि हे मोजपात्रानंच मोजा, तराजूवर नको. तराजूवरचा औंस 28.35 ग्रॅमचा, तो वजनाचा. द्रावण पाण्यापेक्षा जड असेल तर त्यानं हिशेब बिघडतो. मोजपात्र सपाट जागी ठेवून डोळा द्रावणाच्या पातळीत आणा. पृष्ठभाग मधोमध खोलगट दिसेल, त्याच्या तळाशी जी रेघ जुळते तो आकडा वाचायचा. काठाला चढलेलं द्रव पाहून वाचलंत तर आकडा फुगतो.

प्रश्न : जुन्या पुस्तकांत ‘सी.सी.’ असतं, नव्यांत ‘मि.लि.’. दोन्ही एकच ना?

उत्तर : आज एकच. सी.सी. म्हणजे घन सेंटीमीटर; असे हजार मिळून एक घन डेसिमीटर, म्हणजेच आजचा लिटर. पण पुस्तक 1964 च्या आधीचं असेल तर केसाएवढा फरक आहे. 1901 मध्ये लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्यावरून केली गेली आणि तो घन डेसिमीटरपेक्षा किंचित मोठा निघाला : 1.000028 पट. 1964 मध्ये ती व्याख्या रद्द करून लिटर म्हणजे पुन्हा सरळ घन डेसिमीटर असं ठरलं. हा फरक लिटरमागे 0.028 मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाच्या साधारण निम्मा. अचूक घनता काढणाऱ्यांनी त्याची दखल घ्यावी, बाकीच्यांनी सी.सी. खोडून बिनदिक्कत मि.लि. लिहावं.