बाबांच्या गोठ्याचं काय करू?

पत्र थोडक्यात असं: «मी २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आठ महिन्यांपूर्वी दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं. आमचं घर माळकरी, सांगली जिल्ह्यातलं. बाबांच्या गोठ्यात पाच होल्स्टीन गाया आहेत, बाकी दोन एकर ऊस. दिवाळीत मी बाबांना म्हणाले, माळ घालून तुम्ही कत्तलखान्यालाच माल पुरवता. तेव्हापासून ते बोलत नाहीत. आई म्हणते, पोरगी वाळली. थकवा असतो हे खरं, रात्री पायाला मुंग्याही येतात. स्थळं बघणं चालू आहे आणि आईनं लग्नासाठी पैठणी घेऊन ठेवलीय. माझं काही चुकतंय का? बाबांना गाया विकायला कसं लावू? – अस्वस्थ लेक»

प्रिय लेकी,

बाबांचं नंतर बघू. पायाला मुंग्या येतात हे तू जाता जाता लिहिलंस, पण आधी त्याचं. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घे. तपासणीआधी गोळी सुरू करू नकोस, आकडा फसवा येतो. मिलीलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता नक्की समजतात, पण मुंग्या असतील तर थोडा वर आला तरी डॉक्टर उपचार देतील, बहुधा इंजेक्शनं. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. डाळी-पालेभाज्यांतलं फोलेट रक्त ठीक ठेवतं आणि इकडे नसा बिघडत राहतात.

हे आठ महिन्यांत झालेलं नसणार. बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो भरलेला असला तर काही वर्षं पुरतो. आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही तो मुळात कमीच असतो, तुझाही असणार. आईला हे सांग, पण पुढचंही सांग: जे थोडं दुधातून मिळत होतं तेही आता बंद आहे, म्हणून गोळी आयुष्यभर. उपचार संपल्यावर रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. ही गोळी जिवाणूंपासून बनते, प्राण्यांपासून नाही. स्पिरुलिनावर पैसे घालवू नकोस, त्यातलं बी-१२ शरीराला वापरता येत नाही. आणि सैंधव खात असशील तर साध्या आयोडीनयुक्त मिठावर परत ये, कारण दुधासोबत आयोडीनही गेलं.

आता बाबा. तुझा मुद्दा बरोबर आहे, मी त्याला पाणी घालणार नाही. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही. साधारण २८० दिवस गाभण, मग दहा महिने दूध, त्यातच पुन्हा रेतन, म्हणजे गाय गाभण करणं. दर वेताला गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, होण्याची शक्यता निम्मी. खिलार गायीचा गोऱ्हा औताला लागायचा, किंबहुना खिलार पाळायची ती बैलांसाठीच, दूध वरकड. १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही जनावरांची पैदास सुधारणारी संस्था उभी राहिली, १९७०ला ‘दुधाचा महापूर’ ही देशभरची दूधवाढीची योजना सुरू झाली, संकरित गाय दारोदार पोचली, आणि त्याच काळात ट्रॅक्टरही आला. वशिंड नसलेल्या होल्स्टीन गोऱ्ह्याला आज काही काम उरलेलं नाही. त्याला पाजलेलं दूध म्हणजे डेअरीत न गेलेलं दूध. राज्यात गायीची कत्तल आधीपासून बंद होती, मार्च २०१५ पासून बैल-वळूंचीही बंद झाली, त्यामुळे कागदावर तो सुरक्षित. प्रत्यक्षात बरेचसे गोऱ्हे उपाशी राहून मरतात, सोडून दिले जातात किंवा रात्रीच्या टेम्पोत चढतात. म्हशी त्या कायद्याबाहेर आहेत, तिथे तर दूध आणि मांस हा उघड एकच धंदा आहे. «आम्ही मारत नाही, फक्त दूध घेतो» हे म्हणूनच टिकत नाही.

पण हे तू कुणाला ऐकवलंस? या साखळीत ज्याच्या हातात सगळ्यात कमी आहे त्याला. उसाचे पैसे यायला वर्ष-दीड वर्ष, तेही हप्त्यांनी. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. किराणा, दवाखाना, आणि मला वाटतं तुझी कॉलेजची फीसुद्धा त्याच बिलातून गेली असेल. फॅट ३.५ टक्के आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) ८.५ टक्क्यांच्या खाली गेलं की दर कापला जातो, आणि तो दर ठरवताना बाबांना कुणी विचारत नाही. त्यात दिवाळीत, माळेचं नाव काढून बोललीस. माफी मुद्द्याची नको, त्या वाक्याची माग. फोनवर नको, घरी जाऊन.

आणि «गाया विका» हे तोंडातून पुन्हा काढू नकोस. विकलेली गाय दुसऱ्याच्या दावणीला जाते आणि तिथे तेच चक्र चालू राहतं, किंवा ती भाकड असेल तर कुठे जाते हे कुणी सांगत नाही. तुझी बोच तेवढी कमी होईल, तिचं काहीच बदलणार नाही. गोठा बंद करायचा प्रामाणिक रस्ता एकच आहे, रेतन थांबवणं, आणि तो महागडा आहे. गाय पंधरा-वीस वर्षं जगू शकते, दूध जेमतेम पाच-सहा वेतांचं. उरलेली वर्षं ती रोज वीसेक किलो हिरवी वैरण आणि पाच-सहा किलो कडबा खाणार. ऊसतोडीच्या दिवसांत वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर, भागतं, उन्हाळ्यात मात्र विकत घ्यावं लागतं.

म्हणून मागायचं ते एवढंच: यापुढे जी गाय आटेल ती पुन्हा गाभण करायची नाही, विकायची नाही, आणि तिच्या वैरणीचे पैसे दर महिन्याला तू पाठवणार. आधी गावातल्या दरानं एका गायीच्या महिन्याच्या वैरणीचा खर्च काढ, बाराने गुण, तुझ्या वर्षाच्या पगाराशी ताडून बघ. एका गायीचं झेपत नसेल तर पाचांचं बाबांना कसं झेपेल, हेही कळेल. झेपलं तर गोठ्यातली एक जागा दुधाच्या हिशोबातून सुटली. दुसरीचं दोन वर्षांनी बोला. बाबा म्हणतील, सेक्स सॉर्टेड सीमेन, म्हणजे कालवडी व्हाव्यात म्हणून निवडलेलं वीर्य, वापरतो, नव्वद टक्के कालवडीच होतात. गोऱ्ह्यांचे हाल त्यानं कमी होतात, हे मान्य कर; पण गाया वाढतात, त्यामुळे तुझं उत्तर ते नाही. भाकड गायीचं शेण उसाला घातलं म्हणून मात्र वाद घालू नकोस. काही कडवे व्हीगन, म्हणजे तुझ्यासारखे प्राण्यांचं काहीच न घेणारे, घालतात. माझ्या मते तो वेळेचा अपव्यय आहे.

आईचं दुःख जेवणाचं आहे आणि ते सोपं आहे. पिठलं, भाकरी, ठेचा, आमटी, तुपाऐवजी तेलावरची पुरणपोळी, यात सोडायचं काय आहे? अडतं चहा आणि दह्याशी. चहासाठी १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजव, सालं चोळून काढ, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाक. ही पायरी गाळली की कच्चट वास येतो आणि आई कायमची नाव ठेवते. मग ८०० मिली पाण्यात वाटून गाळ आणि सतत ढवळत १५ मिनिटं उकळ. पहिला फेस वर येतो ती उकळी नव्हे. कोरा चहा गाळून दोन मिनिटं थांब आणि गरम सोयादुधात हळूहळू ओत. दूध थंड असेल किंवा चहा फार कडक असेल तर फाटतं.

दह्यासाठी १०० ग्रॅम शेंगदाणे सहा तास भिजवून ३०० मिली पाण्यात वाट, गाळ, मंद आचेवर दाट होईपर्यंत तापव. कोमट झालं की सात-आठ हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून दहा-बारा तास ठेव. पहिलं दही पांचट होतं, ते दुसऱ्याला विरजण म्हणून वापर. गुलाबी छटा दिसली तर फेकून दे. पंचामृताला हात लावू नकोस. पाचातले चार पदार्थ जनावरांचे असले तरी देव आईचा आहे. तू तीर्थ घेऊ नकोस, झालं.

विकतच्या पदार्थांवरचा हिरवा ठिपका दूध आणि मध दोन्ही चालवतो. २०२२च्या नियमांनंतर व्हीगनसाठी वेगळं हिरवं ‘व्ही’चं चिन्ह आलं आहे, ते बघ.

स्थळाला पहिल्याच भेटीत सांग. «घरात दूध आलं तरी चालेल का, मुलांना काय देणार» हे दोन प्रश्न तिथेच येतील, त्यांची उत्तरं आधी स्वतःशी ठरव. पैठणीचा रेशमी धागा अखंड निघावा म्हणून कोष आतल्या किड्यासकट उकळतात, हे तुला माहीत असणारच. पण ती घेऊन झाली आहे. नेसलीस तर नवा कोष उकळला जाणार नाही, परत केलीस तर फक्त आई दुखावेल. मी तुझ्या जागी असते तर नेसले असते आणि पुढची सुती घेतली असती.