बदलाचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न : मी एका संस्थेच्या प्रशासन विभागात काम करते. कागदी नोंदवह्या बंद करून सगळे काम संगणकप्रणालीवर नेण्याची जबाबदारी आमच्या गटावर आली आहे. त्यानिमित्ताने संस्थांमधील बदलाचे व्यवस्थापन हा विषय नीट शिकावा असे वाटते. पण बदल टप्प्याटप्प्याने कसा घडवावा हे सांगणारी प्रारूपे (मॉडेल) आणि प्रमाणपत्रे इतकी आहेत की कशाला हात घालावा ते कळत नाही. शिवाय, दहापैकी सात बदल फसतात असे सगळीकडे वाचायला मिळते. ते खरे आहे का? – एक वाचक

उत्तर : प्रारूपांपासून सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. टप्पे पाठ होतात. परंतु समोरचा माणूस नवी पद्धत का नाकारतो आहे हे त्यांतून कळत नाही, आणि तुमचे सगळे काम शेवटी याच प्रश्नापाशी येऊन ठेपणार आहे. त्यापेक्षा हा विषय ज्या जुन्या अभ्यासांवर उभा राहिला, त्यांपैकी एकदोन मुळातून वाचावेत.

पहिला अभ्यास लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांचा, १९४८ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन येथे हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तेथे नगावर मजुरी मिळे. कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे, तक्रारी वाढत आणि अनेक जण नोकरी सोडत. इस्त्री करणाऱ्या एका गटाच्या कामात झालेला बदल पाहा. ते पायजम्यांच्या अर्धा-अर्धा डझनाच्या थप्प्या सपाट पुठ्ठ्यावर रचत असत. आता त्या खोक्यात रचायच्या होत्या. व्यवस्थापनाने सभा घेऊन कारण सांगितले, मजुरीचा नवा दर समजावून दिला, शंकांना उत्तरेही दिली. आज अनेक संस्थांमध्ये याहून अधिक काही होत नाही. तरीही त्या गटाचे घसरलेले उत्पादन सावरले नाही, आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार काम सोडून गेले.

दुसऱ्या एका गटापुढे मात्र दिसायला सारखेच दोन कपडे ठेवण्यात आले. त्यांपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेलेला होता. स्वस्त कोणता, हे कोणालाही ओळखता आले नाही, आणि खर्च का कमी करायला हवा हे सगळ्यांच्या लक्षात आले. त्यानंतर त्या गटाच्या प्रतिनिधींनी नवे काम बसवण्यात भाग घेतला. आणखी दोन लहान गटांत तर प्रत्येक कामगार सहभागी झाला, आणि सूचना इतक्या भराभर आल्या की त्या टिपून घेणाऱ्या लघुलेखकाची तारांबळ उडाली. या दोन लहान गटांचे उत्पादन लवकरच पूर्वपदावर आले आणि पुढे पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के अधिक झाले. माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग यानंतरचा आहे. पहिल्या गटातील उरलेल्या तेरा जणांना सुमारे अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र करून, या वेळी सर्वांच्या सहभागाने, दुसरे नवे काम देण्यात आले. तेव्हा तेही झपाट्याने सावरले. माणसे तीच होती. म्हणून एखाद्या सहकाऱ्याविषयी ‘त्यांना बदलच नको असतो’ असे म्हणण्यापूर्वी हे तेरा जण आठवावेत.

मात्र हा अभ्यासही डोळे उघडे ठेवून वाचावा. गट फार लहान होते, सर्वांत मोठा अठरा जणांचा. शिवाय खर्च कमी करायचा हा निर्णय आधीच झालेला होता. कामगारांच्या हाती होते ते फक्त तो कसा करायचा एवढेच. तुमच्या गटालाही हीच मर्यादा असेल, तर ती पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. ठरून गेलेल्या गोष्टीवर मत मागितले गेले, हे लोकांच्या ध्यानात आले की पुढच्या प्रत्येक बैठकीवरचा त्यांचा विश्वास उडतो.

दुसरा अभ्यास एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांचा, १९५१ सालचा, ब्रिटनमधील कोळसा खाणींचा. बॅमफर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते. एकमेकांना निवडून काम करणाऱ्या दोघातिघांच्या जोड्या यंत्रे आल्यावर मोडल्या, काम तीन पाळ्यांत तुकड्यातुकड्याने वाटले गेले, आणि एका पाळीची चूक दुसऱ्या पाळीच्या माथी येऊ लागली. यंत्र बदलताना माणसांची परस्परांमधली व्यवस्थाही बदलते, हे येथे जितके लख्ख दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

प्रारूपे त्यानंतर वाचा. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या नावावरचे तीन टप्पे (जुनी घडी सैल करणे, बदल करणे, नवी घडी पक्की करणे) सर्वत्र सांगितले जातात. लेविन यांनी त्यांचा उल्लेख १९४७ मध्ये, म्हणजे निधनाच्याच वर्षी, अगदी थोडक्यात केला होता, आणि आजची सुबक मांडणी पुष्कळशी इतरांनी नंतर केलेली आहे. लेविन यांचा दुसरा विचार तुम्हाला अधिक उपयोगी पडेल : जोर वाढवला की ताण वाढतो, म्हणून आधी अडथळे शोधून ते कमी करावेत. जॉन कॉटर यांचे १९९५ चे आठ टप्पे वरिष्ठांनी काय करावे याची आठवण म्हणून ठीक आहेत. बदलाला सामोरी जाणारी माणसे नकार, राग अशा टप्प्यांतून स्वीकारापर्यंत येतात असे सांगणारी भावनांची वक्ररेषा कार्यशाळांत दाखवतात, तिच्याबाबत मात्र सावध राहा. तिचे मूळ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी मरणासन्न रुग्णांशी केलेल्या संवादांत आहे. ती कचेरीला लावली की प्रत्येक आक्षेप हा ‘शोकाचा टप्पा’ ठरतो आणि आक्षेपात तथ्य आहे का, हे कोणी तपासतच नाही.

दहापैकी सात या आकड्याचे म्हणाल, तर १९९३ मध्ये मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी कार्यपद्धतींच्या आमूलाग्र फेररचनेबद्दल ५० ते ७० टक्के अपयशाचा अंदाज दिला होता आणि तो शास्त्रीय नसल्याचे स्वतःच नमूद केले होते. मार्क ह्यूज यांनी २०११ मध्ये या आकड्याचे प्रकाशित दाखले तपासले, तेव्हा त्याला विश्वासार्ह पुरावा आढळला नाही. आपल्या सादरीकरणात तो वापरू नये.

वाचनाबरोबरच तुमच्याच विभागातील एक नोंदवही घ्या आणि ती लिहिणाऱ्या व्यक्तीशेजारी बसून एक नोंद आल्यापासून निकाली निघेपर्यंत पाहा. समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे नीट वाचा : ‘फोन केला, पुढच्या आठवड्यात येणार’, ‘सही तपासावी’. नव्या प्रणालीत या शेऱ्यांसाठी रकाना आहे का? नसेल, तर ती व्यक्ती प्रणालीला विरोध करील, आणि तो विरोध रास्त असेल. असे तीनचार जणांबरोबर करा आणि जे दिसेल ते प्रणाली बसवणाऱ्यांपर्यंत पोहोचवा. त्यातून काय बदलले आणि काय बदलता येणार नाही, हे परत येऊन त्या व्यक्तींना सांगा. हे परत जाणे बहुतेक ठिकाणी राहून जाते.

प्रमाणपत्र घेण्यास हरकत नाही, पण हा बदल एकदा पार पाडल्यानंतर घ्यावे. अभ्यासक्रम निवडताना त्यात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन निरीक्षण आणि त्यावर लेखन करावे लागते का, एवढे अवश्य विचारावे. केवळ प्रारूपांवर परीक्षा असेल, तर ते शुल्क वाचवून तो वेळ नोंदवह्यांपाशी घालवणे मला अधिक योग्य वाटते.