अंध भाच्याला ऑडिओ गेमसाठी ७.१ वायरलेस हेडफोन आणि व्हायब्रेशनवाला गेमपॅड भेट द्यायचा आहे. कोणता घेऊ?

वायरलेस नको. ७.१, म्हणजे आजूबाजूला स्पीकर असल्याचा भास करून देणारा इफेक्ट, तर मुळीच नको. गेमपॅडचं नंतर बघू.

तुटक लिहिलं म्हणून रागावू नका. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘त्याला दिसत नाही, निदान आवाज तरी भारीतला मिळावा.’ हे वाक्य मी माझ्या मावसभावाच्या तोंडून जवळजवळ याच शब्दांत ऐकलेलं आहे. मीही अंध आहे आणि शाळेपासून ऑडिओ गेम, म्हणजे नुसत्या आवाजावर चालणारे गेम, खेळतोय.

हा दादा डोळस. त्याला गेमिंगचा नाद जुना आणि हार्डवेअरमधलं सगळं आपल्याला कळतं हा समज त्याहून जुना. एकदा तो मोठ्या हौसेने ब्लूटूथवाला ७.१ हेडफोन घेऊन आला. मी तेव्हा गाडीच्या शर्यतीचा एक गेम खेळायचो. त्यात वळण यायच्या आधी सहचालक ओरडून सांगतो आणि गाडी कडेला सरकली की इंजिनाचा आवाज त्या बाजूच्या कानाकडे झुकतो. तो परत मधोमध आणायचा, एवढाच खेळ. वायरच्या जुन्या हेडफोनवर तो ट्रॅक मला तोंडपाठ होता. नव्यावर मात्र प्रत्येक वळणाला कठड्यावर. गाडी डावीकडे गेली म्हणून उजवा बाण दाबावा तर काही फरकच नाही, म्हणून दाबून धरावा तर गाडी थेट पलीकडच्या कडेला. दादाने थोडा वेळ ऐकलं, मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘असू दे रे. दिसत नसलं की रिफ्लेक्स थोडे मंद असणारच.’’

मंद! मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) ज्या वेगाने ऐकतो त्या वेगाने दादाला एक शब्द कळत नाही, आणि रिफ्लेक्स माझे मंद.

खरं तर दोष कुठे आहे ते स्क्रीन रीडरच सांगत होता. मेनूत बाण दाबला की नाव जरा उशिरा यायचं आणि मध्ये शांतता गेली की पुढच्या शब्दाची सुरुवात गिळली जायची. ‘सेटिंग’चं नुसतं ‘टिंग’. ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्या कुठल्याही अंध माणसाला हे विचारा. दादाला ते पटेना, म्हणून मी हेडफोनची एक वाटी माइकला टेकवली, माइक कीबोर्डजवळ ठेवला आणि बटणाचा ‘खट्’ आणि गेमचा आवाज एकाच रेकॉर्डिंगमध्ये घेतला. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दोन्हींमधलं अंतर मोजलं (रीपर आणि त्याला जोडायचं ओसारा ही जोडी स्क्रीन रीडरवर उत्तम चालते, भाच्याला रेकॉर्डिंगची आवड असेल तर जरूर सांगा). अंतर निघालं पाव सेकंदाच्या आसपास. वायरच्या हेडफोनवर त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही नव्हतं. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी पाव सेकंदात सात मीटर पुढे जाते. म्हणजे गाडी सात मीटर मागे कुठे होती ते मला ऐकू येत होतं आणि त्या बातमीवर मी स्टिअरिंग फिरवत होतो.

डोळस माणसाला हे सहसा जाणवत नाही. सिनेमा बघताना प्लेअर चित्रच तेवढं मागे धरतो, आणि गेममध्ये गोळी झाडल्याचं आधी दिसतं, ‘ढिश्यांव’ उशिरा आला तरी काही अडत नाही. आमच्याकडे आवाज हाच पडदा.

त्याच संध्याकाळी दुसरी गंमत झाली. ऑनलाइन शर्यतीत एका मित्राशी बोलायला दादाने त्याच हेडफोनचा माइक चालू केला. क्षणात आवाज फोनवरच्यासारखा झाला आणि डावं-उजवं संपलं. माइक लागला की नेहमीचा ब्लूटूथ हँड्सफ्री मोडमध्ये जातो. तिथे आवाज मोनो असतो आणि सेकंदाला ८,००० किंवा १६,००० सॅम्पल (आवाजाचे नमुने) एवढाच. दादा म्हणाला, ‘‘नीट लक्ष देऊन ऐक.’’ लक्ष कशाकडे द्यायचं? दोन्ही कानांत एकच आवाज होता.

आता ७.१. बाजू ओळखायला कान दोन गोष्टी वापरतात: आवाज कुठल्या कानात आधी पोचला आणि कुठल्या कानात मोठा आला. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये हे मांडलं. दोन कानांमधला वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, आणि समोर ४५ अंशांवरच्या आवाजाला तो जेवढा, जवळजवळ तेवढाच मागे ४५ अंशांवरच्या आवाजाला. मग पुढचं-मागचं कळतं कसं? कानाच्या पाळीच्या वळ्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापतात-वाढवतात त्यावरून, आणि मान हलवून. हेडफोनवर मान हलवून उपयोग नाही. म्हणून चांगले ऑडिओ गेम पाळीचं काम स्वतः गणिताने करतात. साधे गेम मागचा आवाज जरा खालच्या पट्टीत वाजवतात, तेही पुरतं. म्हणजे दोन कानांना काय जायला हवं ते गेमने आधीच ठरवलेलं असतं. त्यावर ७.१चा इफेक्ट लावला की तो समोर स्पीकर ठेवलेत असं धरून डाव्याचा आवाज थोडा उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात ओततो. पाहुण्याने न विचारता भाजीत पुन्हा मीठ घालावं तसं. विंडोजमधला ‘स्पेशियल साउंड’ही बंद करा. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ कुणी चुकून चालू ठेवलाय का तेही बघा.

दादा मग साउंड कार्डावर आला. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून डायरेक्टसाउंड या विंडोजच्या आवाजाच्या यंत्रणेचं थ्रीडी काम कार्डाकडे जातच नाही, ते गेम आणि प्रोसेसर बघून घेतात. महागडं कार्ड अडगळीत. दादा, वाचत असशील तर हे तुझ्यासाठी.

तर हेडफोन साधा, वायरचा, दोन चॅनेलचा, कान पूर्ण झाकणारा. डावी बाजू हाताला कळेल असा. तशी खूण नसेल तर तिथे एक टिकली चिकटवा.

पैसे उरले तर कीबोर्डवर घाला. बहुतेक ऑडिओ गेम बटणांवरच बेतलेले आहेत, आणि स्वस्त कीबोर्डवर वरचा बाण, डावा बाण आणि स्पेस एकदम दाबले तर तिसरं बटण पोचतच नाही अशी शक्यता असते. आपण गोळी झाडलीय असं वाटतं आणि समोरचा राक्षस आरामात जेवून जातो. भाच्याला गेममध्ये लागणारी बटणं एकदम दाबून बघायला सांगा. बाण पूर्ण उंचीचे हवेत, लॅपटॉपवरचे अर्धे कापलेले नकोत. ‘एफ’ आणि ‘जे’ या बटणांवरचे उंचवटे स्पष्ट हवेत. रंगीत दिवे लागणार असतील तर तेवढे पैसे परत मागा. स्क्रीन रीडर मध्येच बटणं पळवत असेल तर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये (डेस्कटॉप मांडणी असेल तर) एनव्हीडीएचं बटण, शिफ्ट आणि एस दाबून त्या गेमपुरता स्लीप मोड लावता येतो. पण जे गेम स्क्रीन रीडरकडूनच बोलून घेतात ते यात मुके होतात.

गेमपॅडला माझा विरोध नाही, ‘अंधांना व्हायब्रेशन लागतंच’ याला आहे. जपानमध्ये १९९७ साली केंजी एनो यांचा ‘रिअल साउंड’ हा चित्राविना गेम सेगा सॅटर्न या कन्सोलवर आला, तो तिथल्या नेहमीच्या पॅडवरच खेळायचा होता. २०२१ चा ‘द वेल’ हा ऑडिओ गेम पॅडवर छान रंगतो, कारण स्टिक ढकलाल त्या दिशेला वार होतो, आणि तिथली दिशाही कानांनीच ओळखायची असते. व्हायब्रेशन एवढंच सांगतं की काहीतरी झालं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. भाच्याला एका कानाने कमी ऐकू येत असेल तर वरचं डाव्या-उजव्याचं सगळं पुराण त्याच्या कामाचं नाही. तो मोनोवर आरामात खेळेल असे गेम वेगळे निवडावे लागतील. आळीपाळीने डाव टाकायच्या गेमना ब्लूटूथ चालतो. स्वतःचा यूएसबी डोंगल घेऊन येणारे २.४ गिगाहर्ट्झचे वायरलेस हेडफोन ब्लूटूथपेक्षा पुष्कळ चपळ असतात, वायर नकोच असेल तर ते बघा, फक्त त्यांचा ७.१ बंद करता येतो ना ते आधी विचारा. मोबाइलवरच खेळत असेल तर गेम आयफोनच्या व्हॉइसओव्हर किंवा अँड्रॉइडच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरच्या बोटांच्या खुणांशी भांडत नाही ना हे हेडफोनच्याही आधी बघा. आणि आवाज कमी ठेवायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही मोठ्यांना ८० आणि मुलांना ७५ डेसिबलपर्यंत. आमच्यातली पोरं पावलांचा आवाज टिपायला आवाज किती चढवतात ते मी ऐकलंय.

मॉडेलचं नाव मी सांगत नाही. भाच्याला बरोबर न्या, त्याच्या लॅपटॉपवर त्याचाच गेम लावा आणि दुकानातच खेळू द्या. तरीही आश्चर्याचा धक्का द्यायचाच असेल, तर खोक्याबरोबर पावतीही त्याच्याच हातात द्या.